वर्धा खोरे आणि स्टीफन हिस्लॉप यांच्या नोंदी

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर, म्हणजे जमिनीच्या भेगांमधून बाहेर पडून थरावर थर साचलेल्या लाव्हावर वसलेला असून पुसद-दारव्ह्यापासून यवतमाळच्या पठारापर्यंत हाच खडक आणि त्याच्या झिजेतून तयार झालेली कपाशीची काळी जमीन दिसते. परंतु पूर्वेकडे वणी, मारेगाव आणि झरी-जामणी या तालुक्यांकडे जाऊ लागले की भूमीची घडण बदलते. राजूरच्या भट्ट्यांत भाजला जाणारा आणि मुकुटबनच्या सिमेंट उद्योगाला पुरणारा चुनखडक, वणीभोवतालच्या खाणींतील कोळसा, त्या कोळशाच्या वर पसरलेला पिवळसर-तांबूस वालुकाश्म आणि या सर्वांवर जागोजाग शिल्लक राहिलेला लाव्हाचा थर अशी पृथ्वीच्या इतिहासातील अनेक पर्वे येथे एका लहानशा टापूत उघडी पडली आहेत. हा खडकांचा क्रम वर्धा नदीच्या काठाशी तुटत नाही. नदीपलीकडे चंद्रपूर, हिंगणघाट आणि थेट नागपूर-कामठीपर्यंत तो कमीअधिक फरकाने चालू राहतो. या संपूर्ण प्रदेशातील खडकांचा आणि त्यांत सापडणाऱ्या जीवाश्मांचा, म्हणजे दगडात टिकून राहिलेल्या प्राचीन जीवांच्या अवशेषांचा, ठिकाणवार आणि जिद्दीने अभ्यास ज्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केला, त्यांत स्टीफन हिस्लॉप यांचे नाव फार वर लागते. नागपुरातील १८८३ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयामुळे हे नाव विदर्भाच्या घराघरांत पोहोचले असले, तरी त्या नावामागचा निसर्ग-अभ्यासक मात्र फारसा कोणाच्या परिचयाचा नाही.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. एडिंबरा आणि ग्लासगो येथे शिक्षण घेतल्यानंतर ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या, १८४३ मध्ये मूळ चर्चपासून फुटून निघालेल्या पंथाचे धर्मप्रचारक झाले, १८४४ च्या अखेरीस मुंबईस उतरले आणि १८४५ च्या आरंभी नागपुरास आले. त्या वेळी नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी भोसले होते, इंग्रजांची छावणी कामठीस होती, आणि वर्धा नदी ही भोसल्यांचे राज्य व निजामाचे वऱ्हाड यांच्यामधली सीमा होती. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रघूजींचे निधन झाल्यावर १८५४ मध्ये नागपूरचे राज्यही खालसा झाले. आजचा यवतमाळ जिल्हा त्या वऱ्हाडात होता आणि १९०५ पर्यंत तो वणी जिल्हा या नावाने ओळखला जात असे. हिस्लॉप यांनी मराठी शिकून घेतली, शाळा काढली, हिवाळ्यात गावोगाव फिरून प्रचार केला, आणि याच फिरतीत नदीकाठ, विहिरींचे खोदकाम, दगडाच्या खाणी, टेकड्यांचे तुटके कडे यांकडे त्यांची दृष्टी वळली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे दुसरे मिशनरी त्यांच्या मदतीस आले आणि दोघांनी मिळून हा अभ्यास पुढे नेला.

मध्य भारतातील लाव्हाच्या खडकांत शंख-शिंपल्यांचे अवशेष सापडतात, ही गोष्ट त्यांच्या आधीही ठाऊक झालेली होती. १८२४ मध्ये मरण पावलेल्या हेन्री व्हॉयसे यांनी गाविलगडच्या डोंगरात असे अवशेष पाहिले होते आणि जे. जी. माल्कमसन यांनी हैदराबाद-नागपूर भागातील अशा जीवाश्मांवर १८३७ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेपुढे निबंध वाचला होता. परंतु ही निरीक्षणे वाटेवरच्या प्रवाशांची होती. हिस्लॉप आणि हंटर तेथेच राहत होते, पावसाळ्यानंतर धुऊन निघालेल्या ओढ्यांकडे पुन्हा पुन्हा जाऊ शकत होते, आणि १८५१ मध्ये नागपूरच्या पश्चिमेस टाकळी येथे जीवाश्मांचा थर हाती लागल्यानंतर त्यांनी तो थर चिकाटीने तपासला. गोड्या पाण्यातील शंख, फळे, बिया, लाकूड आणि कीटकांचे कठीण पंख असा मोठा संग्रह त्यातून जमला. त्याआधारे दोघांनी लिहिलेला नागपूर परिसराचे भूशास्त्र आणि जीवाश्म या विषयावरचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला आणि विदर्भाच्या भूशास्त्रीय अभ्यासाचा पाया त्याने घातला, असे म्हणण्यास हरकत नाही.

हा थर कसा तयार झाला, हे समजून घेण्यासारखे आहे. दख्खनच्या पठारावर लाव्हाचे उद्रेक एका दमात झाले नाहीत. एक थर ओतला गेल्यानंतर दुसरा येईपर्यंत काही वेळा हजारो वर्षे जात, आणि त्या मधल्या शांततेत थंड झालेल्या लाव्हाच्या खोलगट भागांत पाणी साचून तळी होत, त्यांच्या काठी झाडे वाढत, पाण्यात गोगलगायी, मासे व सूक्ष्म जीव नांदत, तळाशी गाळ साचत राही. पुढचा लाव्हा येऊन त्या सर्वांवर पसरला की गाळ कायमचा बंदिस्त होई, आणि लाव्हाच्या झिजेतून पाण्यात उतरलेली सिलिका, म्हणजे वाळू व गारगोटी ज्या द्रव्याची बनलेली असते ते द्रव्य, गाळात मुरून त्याचा चर्ट नावाचा अतिशय कठीण खडक बने. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडणाऱ्या या गाळाच्या थरांना, दख्खनच्या लाव्हाच्या ‘ट्रॅप’ या नावावरून, आंतर-ट्रॅपी थर म्हणतात. चर्टचा असा तुकडा फोडला तर करड्या किंवा तांबूस अंगात इंच-दोन इंच लांबीचा एक शंख वारंवार दिसतो. फायसा प्रिन्सेपी हे त्याचे जुने शास्त्रीय नाव. त्याचे निमुळते टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले असता तोंड डाव्या हाताला येते, तर बहुतेक गोगलगायींच्या शंखात ते उजव्या हाताला असते. त्यामुळे शास्त्राचे शिक्षण नसलेल्या माणसालाही हा शंख एकदा दाखवल्यावर पुन्हा ओळखता येतो. माल्कमसन यांच्या निबंधात नाव मिळालेल्या या शंखाचा हिस्लॉप यांनी खुणेसारखा उपयोग केला, कारण दूरदूरच्या टेकड्यांवरील गाळाचे थर एकाच कालखंडातील आहेत की नाहीत हे त्याच्या आधारे ताडून पाहता येत होते. १८६० च्या आपल्या निबंधात त्यांनी अशा शंख-शिंपल्यांचे सविस्तर वर्णन केले आणि त्याच सुमारास टाकळीच्या कीटकांवर अँड्र्यू मरे यांनी स्वतंत्र टिपण लिहिले.

लाव्हाच्या खालच्या, कितीतरी अधिक प्राचीन खडकांकडेही त्यांनी तेवढेच लक्ष दिले. कामठी आणि सिलेवाडा येथील वालुकाश्माच्या खाणींत त्यांना जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळाले. मधोमध ठळक शीर आणि तिच्यापासून दोन्ही कडांकडे जाळीसारख्या विणलेल्या बारीक शिरा असलेली ही पाने ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीची होत. चार्ल्स बनबरी यांनी या संग्रहाचा अभ्यास करून १८६१ मध्ये त्यावर लिहिले. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवरील मांगली येथून आलेल्या एका उभयचर प्राण्याच्या, म्हणजे बेडकांप्रमाणे पाण्यात व जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यांच्या प्राचीन कुळातील एका जीवाच्या, कवटीचे रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नामकरण केले, तर त्याच ठिकाणच्या बारीक कवचधारी जीवांना रूपर्ट जोन्स यांनी १८६२ मध्ये मांगलीचेच नाव दिले. हिस्लॉप यांच्या नावाचीही प्रजातींना जोड मिळाली: गोदावरी-प्राणहिता खोऱ्यातील मालेरीच्या थरांतील फुप्फुसमाशाच्या दातांना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये सेराटोडस हिस्लॉपियानस म्हटले, नागपूरच्या गोड्या पाण्यात वसाहत करून राहणाऱ्या एका सूक्ष्म प्राण्याला मुंबईचे डॉक्टर एच. जे. कार्टर यांनी १८५८ मध्ये हिस्लॉपिया हे नाव दिले, आणि मालेरीच्याच थरांतील मगरीसारख्या लांब जबड्याच्या एका सरीसृपाचे रिचर्ड लिडेकर यांनी १८८५ मध्ये, म्हणजे हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, पॅरासुकस हिस्लॉपी असे नाव ठेवले.

या गौरवाच्या यादीपेक्षा अधिक महत्त्वाची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हिस्लॉप यांनी काढलेले पुष्कळसे निष्कर्ष आज मान्य नाहीत. टाकळीचे थर त्यांनी तृतीय कल्पातील, म्हणजे डायनोसॉरांच्या ऱ्हासानंतरच्या कालखंडातील, मानले होते; दख्खन ट्रॅपचे मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे असल्याचे किरणोत्सारी कालमापनाने सिद्ध झाल्यानंतर यांतील अनेक थर क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या, कालखंडाच्या अखेरचे ठरले. कोळशाशी संबंधित वनस्पतींचे थर त्यांना जुरासिक वाटले. ते त्याहून फार जुने, पर्मियन कालखंडातील निघाले. हिरवट कॅल्साइटच्या ज्या खनिजाला हिस्लॉपाइट हे नाव मिळाले होते, ते स्वतंत्र खनिज नसल्याचे पुढे दिसून आले. तरीही त्यांचे लेखन कालबाह्य झाले नाही, कारण कोणती वस्तू कोणत्या गावी, कोणत्या थरात, कोणत्या खडकाच्या वर व कोणत्या खडकाच्या खाली मिळाली, याची नोंद त्यांनी निष्कर्षापासून वेगळी ठेवली होती आणि नमुने आपल्यापाशी न अडवता जाणकारांकडे पाठवले होते. त्यामुळे मत बदलले तरी पुरावा जागच्या जागी राहिला, आणि नवे प्रश्न घेऊन येणाऱ्याला त्या ठिकाणी परत जाता आले.

वणीकडून वर्धा ओलांडून गेल्यावर लागणाऱ्या वरोरा तालुक्यातील पिसदुरा हे गाव याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. तेथील हाडांची आणि अश्मीभूत विष्ठेची, म्हणजे दगड बनलेल्या शेणाची, माहिती हिस्लॉप यांच्या १८६० च्या सुमाराच्या कामातून पुढे आली. लाव्हाच्या लगेच खाली असलेल्या लॅमेटा नावाच्या थरांतील हे अवशेष आहेत. नंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अधिकारी तेथे गेले, १८७९ मध्ये लिडेकर यांनी तेथील हाडांवरून टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी ही डायनोसॉरची प्रजाती वर्णिली आणि १९३९ मध्ये चार्ल्स मॅटली यांनी विष्ठेच्या गोळ्यांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. खरे आश्चर्य २००५ मध्ये पुढे आले. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याच्या याच गोळ्यांतून वनस्पतींच्या पेशींत साचणारे सिलिकाचे सूक्ष्म कण वेगळे काढले. हे कण वनस्पती कुजून गेल्यावरही टिकतात आणि गटागटाप्रमाणे त्यांचे आकार ठरलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील काही कण गवताचे असल्याचे दिसले. गवतांचा प्रसार डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरचा, ही तोवरची प्रचलित समजूत होती, आणि पिसदुऱ्याच्या पुराव्याने डायनोसॉरांच्या काळातच भारतात गवताचे अनेक प्रकार अस्तित्वात होते हे ‘सायन्स’ या नियतकालिकातून जगापुढे आले. २०११ मध्ये याच दिशेच्या संशोधनातून, भात ज्या गटात मोडतो त्या गवतांच्या गटाची मुळेही क्रिटेशसपर्यंत मागे जातात असे मांडले गेले. सूक्ष्मदर्शकाखालच्या त्या कणांची हिस्लॉप यांना कल्पनाही असणे शक्य नव्हते. त्यांनी केवळ त्या ओबडधोबड गोळ्यांची आणि त्यांच्या ठिकाणाची दखल घेतली, आणि जवळजवळ दीडशे वर्षांनंतर ती पुरेशी ठरली.

यवतमाळच्या दृष्टीने कोळशाचा धागा तितकाच मोलाचा आहे. नागपूर प्रांतातील वालुकाश्म आणि कोळसा यांच्या वयासंबंधी हिस्लॉप यांनी १८६१ मध्ये जो वाद मांडला, त्याचे उत्तर शोधताना सर्वेक्षणाच्या भूशास्त्रज्ञांनी संपूर्ण वर्धा खोरे पिंजून काढले, डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी तेथील वालुकाश्माला कामठीचे नाव दिले आणि टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी १८७७ मध्ये वर्धा खोऱ्यातील कोळसा क्षेत्रावर, वणीकडील भागासह, स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या कोळशाच्या खडकांच्या कुळाला पुढे गोंड राज्यांवरून गोंडवना हे नाव पडले, आणि ग्लॉसोप्टेरिसची तशीच पाने ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका व १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना मरण पावलेल्या स्कॉटच्या तुकडीने जपून ठेवलेल्या दगडांतही आढळल्यामुळे, हे खंड एके काळी एकमेकांना जोडलेले होते या कल्पनेला भक्कम आधार मिळाला. आज वणी परिसरातील खुल्या खाणींत कोळशावरचा वालुकाश्म यंत्रांनी खरवडून ढिगाऱ्यांवर टाकला जातो. त्या थरांचे इतके खोल आणि लांब छेद हिस्लॉप यांच्या काळात कोणालाही पाहायला मिळाले नव्हते, आणि ते छेद पुन्हा बुजण्यापूर्वी त्यांची पद्धतशीर नोंद होणे अतिशय निकडीचे आहे.

खडकांपलीकडेही हिस्लॉप यांची जिज्ञासा गेली. नागपूरच्या परिसरात मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडून केलेली प्राचीन दफने, म्हणजे शिळावर्तुळे, पुष्कळ आहेत. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाट येथील वर्तुळांचे उत्खनन पाहून, तेथील शाळा तपासण्यासाठी मागे थांबलेले हिस्लॉप एकटेच घोड्यावरून बोरीकडे निघाले आणि ४ सप्टेंबरला पूर आलेल्या ओढ्यात बुडून मरण पावले. सेहेचाळिसावे वर्ष पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. टाकळघाटाचे काम मात्र तेथे संपले नाही. १९६८-६९ मध्ये शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने टाकळघाट-खापा येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, त्यानंतर माहुरझरी व नायकुंड येथील कामांतून ही वर्तुळे उभारणारे लोक लोखंड वितळवणारे, घोडे बाळगणारे होते हे स्पष्ट झाले, आणि अलीकडे यवतमाळ जिल्ह्यात बाभूळगाव तालुक्यातील पाचखेड येथे त्याच विद्यापीठाच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगीन वस्तीचे अवशेष मिळाल्याने हे चित्र वर्धेच्या पश्चिमेसही पसरले.

हिस्लॉप यांच्या मागे राहिलेली हस्तलिखिते टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये मध्य प्रांतातील आदिवासी जमातींसंबंधीचे कागद म्हणून प्रसिद्ध केली. त्यांत जमातींची वर्णने, अनेक भाषांतील शब्दांच्या तुलनात्मक याद्या आणि गोंडांचा आद्यपुरुष लिंगो याची परधानाच्या तोंडून घेतलेली दीर्घ गाथा मूळ गोंडीत व इंग्रजी अर्थासह आहे. परधान हे गोंडांच्या वंशकथा व देवकथा गाणारे परंपरागत गायक होत. छापलेल्या या गाथेवरून जेम्स फोर्सिथ यांनी १८७१ च्या आपल्या मध्य भारतावरील ग्रंथात पद्यरूप कथा रचली, आणि रसेल व हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात तिचा आधार घेतला. परंतु या कागदांना दगडाच्या नमुन्यांइतके निर्विकार मानणे योग्य ठरणार नाही. प्रचारासाठी लोकांची श्रद्धा जाणून घेऊ पाहणाऱ्या मिशनऱ्याने ते जमवले होते, गाथेत महादेव-पार्वतीच्या कथांचा मोठा मिलाफ आहे, आणि एका गायकाकडून मिळालेला पाठ हा सर्व गोंडांचा एकमेव पाठ समजण्याची चूक नंतरच्या लेखकांनी वारंवार केली. साडेबारा गोंड जातींच्या हिस्लॉप यांच्या यादीत कोलामही येतात. पण कोलामी ही गोंडीहून वेगळी, स्वतंत्र द्राविडी भाषा आहे, हे एम. बी. एमेनो यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तिच्या व्याकरणावरून निःसंशय झाले. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांत पोड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोलामांच्या वस्त्यांना भेट देणाऱ्यालाही हा वेगळेपणा सहज जाणवतो.

असे असले तरी छापील पाठ हाती असल्यामुळे आजची तुलना शक्य होते. गोंडी समाजातील अभ्यासकांनी, विशेषतः मोतीराम कंगाली यांनी, पारी कुपार लिंगोच्या परंपरेचा अर्थ समाजाच्या आतून लावला. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडच्या गुहेशी लिंगोची कथा जोडलेली असून माघ पौर्णिमेला तेथे हजारो गोंड जमतात. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी, केळापूर, राळेगावकडे गोंड आणि परधान यांची मोठी वस्ती आहे. गायकाचे नाव, गाव, प्रसंग आणि वाद्य यांच्या नोंदीसह तेथील लिंगोच्या गाथा ध्वनिमुद्रित केल्या, तर नागपूरकडे उतरवून घेतलेल्या आणि १८६६ मध्ये छापलेल्या पाठाशेजारी वर्धेच्या या काठचा पाठ ठेवता येईल, आणि किंगरी या वाद्यावर जुन्या कथा गाणारे परधान वयोवृद्ध होत चालल्यामुळे हे काम येत्या काही वर्षांतच व्हायला हवे.